उघडलं, हात लावला नाही

आमच्या बाबांना सगळी गल्ली 'एकडोळे' म्हणायची. डोळे दोन्ही शाबूत होते. पण डाव्या डोळ्यात सदानकदा भिंग, आणि ते काढायचं भान त्यांना क्वचितच राहायचं. भिंग लावूनच ते बाजारात जायचे, भिंग लावूनच जेवायला बसायचे. एकदा माझ्या शाळेत पालकांना बोलावलं, तर भिंग लावूनच मुख्याध्यापिकांसमोर जाऊन बसले. बाईंनी माझ्या तक्रारींचा पाढा वाचला. घरी आल्यावर आईनं विचारलं, काय म्हणाल्या? बाबा म्हणाले, "त्यांचं घड्याळ मागे पडतंय. उद्या घेऊन यायला सांगितलंय." बाई माझ्याबद्दल काय म्हणाल्या ते मला आजतागायत कळलेलं नाही.

बाबा घड्याळजी होते. रस्त्याकडे उघडणारी एक खोली म्हणजे दुकान, आणि वरच्या दोन खोल्या म्हणजे घर. खाली खिडकीपाशी त्यांचं टेबल. टेबलाच्या कडेला बोटभर उंच पट्टी, चाकंबिकं घरंगळू नयेत म्हणून. आणि मांडीवर पसरायला एक कापड, त्याचं दुसरं टोक टेबलालाच ठोकलेलं. तरीही एखादा स्क्रू निसटायचाच. तो निसटला की बाबा ओरडायचे नाहीत, फक्त "थांबा" म्हणायचे, आणि घरातल्या माणसानं असेल तिथे, असेल त्या पायावर थांबायचं. आई चहाचा कप धरून दारात उभी, धाकटा भाऊ जिन्यावर एक पाय उचललेला, मी दप्तर काढता काढता अडकलेली, आणि बाबा गुडघ्यांवर बसून फरशी चाचपतायत. आमचं कुटुंब म्हटलं की मला हेच दिसतं. त्या दिवसांचा एकही फोटो आमच्याकडे नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही.

भिंतींवर दुरुस्तीची घड्याळं टांगलेली असायची. सगळ्यांची वेळ वेगवेगळी, कारण वेळ लावायची ती गिऱ्हाईक न्यायला आलं की, असा बाबांचा शिरस्ता. त्यामुळे घड्याळजीच्या घरात किती वाजले हे कुणालाच धड सांगता यायचं नाही. आई शेजारच्या शिंप्याला विचारून यायची आणि शिंपी दरवेळी तोच विनोद करायचा. रॉकेलचा आणि बारीक तेलाचा वास त्या खोलीत मुरलेला होता. तसा वास आता कुठे आला तर मी रस्त्यातच थांबते, आणि खुशाल थांबून राहते. या वयात कुणाला उत्तर द्यायचंय?

बाबा ज्यांच्याकडे हे काम शिकले त्यांना ते उस्ताद म्हणायचे. मी त्यांना पाहिलं नाही, ऐकलं मात्र भरपूर. उस्तादांनी आपल्या हाताखालच्या सगळ्यांना एक शिस्त लावली होती. घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आतल्या अंगाला सुईनं आपली खूण कोरायची आणि शेजारी महिना आणि साल. पुढे ते घड्याळ दुसऱ्या कुणाच्या टेबलावर गेलं, तर आधी कोणाचा हात लागलाय हे त्याला कळावं. आणि घड्याळ उघडून पाहिलं, पण काम न करताच परत दिलं, तर नुसती खूण, साल नाही. त्याचा अर्थ, उघडलं, हात लावला नाही. गावातले बहुतेक घड्याळजी उस्तादांच्याच हाताखालून गेलेले, त्यामुळे सगळे ही शिस्त पाळायचे. गिऱ्हाइकांना याचा पत्ताही नसायचा. बाबांची खूण त्रिकोण. रस्त्यापलीकडच्या काकांची, दोन आडव्या रेघा.

हे काका म्हणजे बाबांचे गुरुबंधू. दोघं एकाच टेबलावर काम शिकले आणि शिकून झाल्यावर दुकानंही समोरासमोर थाटली. धंद्याच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा, पण लांब जायला दोघांचंही मन होईना. काका उंच, जरा वाकलेले, आणि कमालीचे मितभाषी. दुपारी ते आमच्याकडे चहाला यायचे. बाबा बोलायचे आणि काका हो म्हणायचे, अशी ती मैत्री होती. मला किल्लीचं घड्याळ कसं भरायचं ते काकांनी शिकवलं. किल्ली फिरवताना बोटाला जड लागायला लागलं की थांबायचं, जोर करायचा नाही. मी लहान असताना ते मला खांद्यावर घेऊन बाजारातल्या मनोऱ्यापाशी न्यायचे आणि वरचं मोठं घड्याळ दाखवायचे. इतक्या उंचावरून गाव बघायला मिळायचं म्हणून मी रोज हट्ट करायची, आणि त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. त्या मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या साफसफाईचं काम नगरपालिकेनं बाबांना दिलं. बाबांची छाती अभिमानानं फुगली. ते वर चढले, सगळं खोललं, धुतलं, पुन्हा बसवलं. घड्याळ चाललंही. आणि मग एके सकाळी त्याचा मोठा काटा सैल होऊन सरळ खाली लोंबायला लागला. छोटा आपला इमानेइतबारे फिरतोय आणि मोठा सहावर. दिवसभर गावात साडेकाहीतरीच वाजत राहिले. बाजारात लोक जमले, टिंगल सुरू झाली. बाबा म्हणाले, वाऱ्यानं झालं असेल. मग नगरपालिकेच्या साहेबांनी काकांना वर पाठवलं. काका खाली आले, हात पुसले. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, काय झालं होतं? काकांनी सांगितलं, "खीळ उलटी बसलीय."

त्यांना तेवढंच बोलता आलं असावं. पण ते अख्ख्या बाजारानं ऐकलं. बाबांनी दुकान दुपारीच बंद केलं आणि वर येऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. आई भीत भीत म्हणाली, अहो, पण उलटी बसली होती का? बाबा म्हणाले, "बसली होती. ते माझ्या कानात सांगायचं होतं. चारचौघांत नाही."

तेव्हापासून बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी बाबांनी आपलं टेबल फिरवून घेतलं, रस्त्याकडे पाठ होईल असं. उजेड सगळा रस्त्याकडूनच यायचा. पण समोर बघायचं नाही म्हटल्यावर बघायचं नाही. भर दुपारी दिवा लावून, खिडकीकडे पाठ करून बसलेला घड्याळजी मी त्या आधी आणि नंतरही पाहिलेला नाही. रागाला त्यांच्या तोड नव्हती. काका एकदा चहाच्या वेळेला आमच्या पायरीपर्यंत आले, तर बाबांनी आतून दार लावून घेतलं. ते पुन्हा आले नाहीत.

पुढचे दिवस वाईट होते. ज्याला मनोऱ्यावरची खीळ धड बसवता येत नाही त्याच्याकडे आपलं मनगटी घड्याळ कोण देणार? गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. बाबा सकाळी दुकान उघडायचे, स्वच्छ असलेले चिमटे पुन्हा पुसायचे आणि संध्याकाळी बंद करायचे. आई शेजारच्या शिंप्याकडून काजं-बटणं करायला कपडे आणू लागली. आम्ही मुलं एकाएकी शहाणी झालो; काही मागायचंच सोडून दिलं. घरात कोणी बाबांना दोष दिला नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास व्हायचा.

मग हळूहळू माणसं येऊ लागली. गंमत म्हणजे ती रस्ता ओलांडून यायची. यायची आणि सांगायची, समोर दाखवलं, ते म्हणाले मला जमत नाही, पलीकडे दाखवा. बाबा झाकण उघडायचे. आत दोन आडव्या रेघा, साल नाही. उघडलं, हात लावला नाही. मग भिंगातून आत बघायचे आणि त्यांचा चेहरा असा उजळायचा की काय सांगू. "अरे, यात नुसतं तेल सुकलंय. एवढंही येईना त्याला?" असं एकदा झालं, दोनदा झालं, मग होतच राहिलं. गावात बोललं जाऊ लागलं की समोरच्यानं हात टेकले की एकडोळ्यांकडे जावं. बाबांचं दुकान सावरलं, तेही पूर्वीपेक्षा ताठ.

रात्रीच्या जेवणात हा आमचा ठरलेला विषय. बाबांनी काकांना नवं नाव ठेवलं होतं, 'जमतनाही'. आज जमतनाहीकडून काय काय आलं, कशात नुसता केस अडकला होता, कशाची स्प्रिंग निसटली होती, सगळं ते रंगवून सांगायचे. काकांची नक्कल करायचे, वाकून, मान हलवून. आई सोडून आम्ही सगळे खो खो हसायचो. आई ताटाकडे बघत म्हणायची, हळू बोला, खिडकी उघडी आहे. बाबा म्हणायचे, असू दे उघडी.

अशी वर्षं गेली. लोकांच्या मनगटावर सेलवर चालणारी घड्याळं आली, मग खिशात मोबाइल आले, आणि दोन्हीकडचं गिऱ्हाईक आटलं. आई गेली. भाऊ नोकरीच्या गावी स्थायिक झाला. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं या गोष्टीत येत नाहीत, आणि विचारणाऱ्यांना मी चहा देत नाही. मी शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, आणि बाबांच्या सोबतीला त्या दोन खोल्यांतच राहिले. समोर काकाही एकटेच होते. त्यांची मुलगी दूर सासरी. दोन म्हातारे रोज सकाळी आपापलं दुकान उघडायचे, गिऱ्हाइकासाठी नव्हे, सवयीनं. मधून तेवढाच रस्ता जायचा.

अशात माझी भाची आली. भावाची मुलगी, विद्यापीठात इतिहासावर संशोधन करणारी. एका पाठपिशवीत कपडे आणि दुसरीत लॅपटॉप. तिला आपल्या आजोबांच्या धंद्यावर काम करायचं होतं, म्हणजे गावातले घड्याळजी कोण, कोणाकडे शिकले, कोणाचं काम कोणाकडे जायचं. तिनं आम्हाला बसवून समजावलं. मोठ्या लोकांचा इतिहास त्यांच्या कागदपत्रांतून कळतो. साध्या माणसांचा कळायचा तर बारीकसारीक धागे गोळा करावे लागतात. कोण कोणाच्या घरी राहिलं, कोणाच्या लग्नात कोण साक्षीदार होतं. मग प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका, आणि दोघांचा संबंध दिसला की त्यांच्यात एक रेघ. असे शेकडो ठिपके एकत्र मांडले की एकेकट्या पुराव्यात जे दिसत नाही ते दिसायला लागतं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कोणाचं कोणाशी, ते बघत बसायचं. आपल्या गल्लीतल्या बायका हे फुकटात करतात."

पण हसण्यावारी नेऊनही अडचण होतीच. घड्याळजींनी कागद म्हणून मागे काही ठेवलेलंच नव्हतं. भाची डोक्याला हात लावून बसली. तेव्हा बाबांनी फळीवरून एक बेवारस मनगटी घड्याळ काढलं, झाकण उघडलं, डोळ्यातलं भिंग काढून तिच्या हातात दिलं आणि खुणा दाखवल्या. हा त्रिकोण मी. ही फुली पेठेतला लंगड्या. हा अर्धा चंद्र स्टेशनाजवळचा. पोरीनं भिंग लावून तिन्ही खुणा एकेक करून पुन्हा पाहिल्या. नंतर एवढंच म्हणाली, "आजोबा, हे घड्याळ तीन माणसांना एकत्र आणतंय."

तिनं गावभर सांगून टाकलं की जुनी घड्याळं घेऊन या, आम्ही फक्त उघडून बघू आणि परत देऊ. बाबांनी मदतीला एकच अट घातली, ती म्हणजे समोरच्या दुकानात पाऊल टाकायचं नाही. तिनं ती मान्य केली. पण का, ते तिला कोणी सांगितलं नाही.

आणि मग आमच्या दुकानात जे दिवस आले ते मी आयुष्यात विसरणार नाही. लोकांनी कपाटं उपसली. आजोबांची खिशातली घड्याळं, आईचं लग्नातलं नाजूक घड्याळ, परीक्षेत पास झाल्याचं बक्षीस, सगळं येऊ लागलं. बाबा पुन्हा मांडीवर कापड पसरून बसले. गर्दी बघून शेजारचा शिंपीही खुर्ची घेऊन आला. प्रत्येक घड्याळाबरोबर एक माणूस परत यायचा. हे सुईणबाईंचं, सेकंद काट्यावर नाडी मोजायच्या. हे पोस्टमनचं, चिखलात पडायचं म्हणून दर पावसाळ्यात दुकानात. आत पाहिलं की आपण काय काम केलं होतं ते बाबांना बरोबर कळायचं. ते सांगायचे आणि भाची लॅपटॉपवर टिपून घ्यायची. साल नसलेल्या दोन आडव्या रेघा दिसल्या की मग तर बाबांना चेव यायचा. "हे त्याचं. लिही. याला तेल. फक्त तेल." जुना विनोद पुन्हा रंगायचा, आणि खिडकी उघडीच असायची.

पुरेशी घड्याळं झाल्यावर भाचीनं पहिलं चित्र काढलं. एका घड्याळात दोघांच्या खुणा असतील तर त्या दोघांमध्ये रेघ. जितकी घड्याळं जास्त तितकी रेघ जाड. पडद्यावर ठिपके पसरले होते आणि मधोमध दोन ठिपके एका जाडजूड रेघेनं बांधलेले. तिला कोण आनंद झाला. "आजोबा, अख्ख्या गावात सगळ्यात घट्ट नातं तुमचं आणि समोरच्या काकांचं आहे."

बाबा उठून वर निघून गेले. मग मी तिला मनोऱ्याची हकिगत सांगितली, अबोल्याची सांगितली आणि 'जमतनाही'चीही. ती खजील झाली. म्हणाली, हीच चूक करू नका असं आम्हाला शिकवतात; दोन माणसं जोडलेली आहेत एवढं रेघेला कळतं, प्रेमानं की भांडणानं ते कळत नाही. जेवताना तिनं आजोबांची माफी मागितली. बाबांचा राग तोवर निवळला होता, आणि त्यांना एक कल्पना सुचली होती. ते म्हणाले, तुझ्या चित्रात त्याची नापास झालेली कामं वेगळी दाखव. जिथे साल नाही ती. लाल रंगात काढ. पुढे कोणी वाचलं तर त्यांनाही कळू दे.

भाचीनं मला डोळ्यांनी विचारलं. मी खांदे उडवले. त्यांचं चित्र, त्यांचा लाल.

त्याच आठवड्यात शिंप्यानं बातमी आणली की समोरचे काका चालले. मुलगी कायमचं न्यायला येतेय, जागा विकली. बाबा एक घड्याळ पुसत होते, ते पुसतच राहिले. म्हणाले, "जाऊ दे." पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि पोट बिघडल्याचं कारण त्यांनी मला तीनतीनदा सांगितलं, म्हणजे पोट उत्तम होतं.

भाचीनं लाल रेघा काढल्या. आणि नुसत्या काढल्या नाहीत, तर सालाप्रमाणे लावल्या. साल पुढे सरकवलं की त्या त्या सालाच्या रेघा पडद्यावर उमटायच्या. काकांच्या खुणेला साल नव्हतं, पण त्याच झाकणात खाली बाबांचा त्रिकोण होता, आणि त्याला होतं. दुपारची वेळ. मी भाजी निवडत होते. बाबा भिंग लावून पडद्यापाशी बसले, उत्साहानं. ती साल सरकवू लागली. सुरुवातीला काहीच नाही. मग मनोऱ्याचं साल आलं, आणि त्यानंतर लाल रेघा पडू लागल्या, एकीवर एक. पुढच्या वर्षीही. मग कमी झाल्या, मग थांबल्या. त्यानंतर शेवटपर्यंत एकही नाही.

"आजोबा, या काळात काकांना काही झालं होतं का? आजारी होते? हात थरथरायचे?"

"नाही," बाबा म्हणाले.

"कारण त्याच महिन्यांत त्यांनी इतर घड्याळांची अवघड कामं केलीत. ती सालासकट आहेत. आणि या लाल रेघांसमोर तुम्ही सांगितलेलं काम बघा. तेल, तेल, स्प्रिंग, तेल." ती आजोबांकडे वळली. "एवढाच काळ त्यांना तेल घालता येत नव्हतं, आणि मग पुन्हा यायला लागलं, हे कसं?"

बाबांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. तिनं दाखवलं. मग त्यांनी विचारलं, आधीच्या सालातलं एक तरी आहे का? नव्हतं. बाबांनी डोळ्यातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि नुसत्या डोळ्यांनी पडद्याकडे बघत राहिले.

मला काय वाटलं ते सांगते. मला आधी राग आला, आणि तो काकांचा. असं कोणी करतं का? कारागीर माणूस, ज्याची सगळी पत हातात, तो दारात आलेल्या एकेका गिऱ्हाइकाला स्वतःच्या तोंडानं मला जमत नाही म्हणून सांगतो, आणि समोरच्या खिडकीतून आपलीच नक्कल ऐकत बसतो. नंतर मला काजं करणारी आई दिसली, आणि रात्रीच्या जेवणात ती का हसायची नाही ते लक्षात आलं. तिला माहीत होतं की नुसता संशय होता, ते आता कोण सांगणार?

दोन दिवस बाबा टेबलाशी नुसते बसून होते. चहा समोर ठेवला की गार करायचे. समोर सामान बांधायचे आवाज येत होते. शेवटी मीच म्हटलं, बाबा, उद्या ते जातील, मग तुम्ही जन्मभर या टेबलाशी बसून राहाल. ते म्हणाले, जाऊन बोलायचं काय? मला तिथे तोंड कुठाय? मी म्हटलं, आहे तेच घेऊन चला. त्यांनी इस्त्रीचा सदरा मागितला, आणि दुपारच्या उन्हात मी त्यांचा दंड धरून तो रस्ता ओलांडला.

काकांच्या भिंती रिकाम्या झाल्या होत्या. घड्याळं होती तिथे फिकट गोल उरले होते. काका एका खोक्यावर बसून चिमटे कापडात गुंडाळत होते. आम्हाला बघून उठले. पूर्वीपेक्षा फारच वाकले होते. त्यांनी खोकं बाबांकडे सरकवलं आणि म्हणाले, "बस." जणू काल दुपारीच दोघं एकत्र चहा प्यायले होते.

बाबा बसले. जमिनीकडे बघत म्हणाले, "त्यात नुसतं तेल सुकलं होतं."

कोणतं घड्याळ, कुठलं साल, काकांनी काही विचारलं नाही. "हो," ते म्हणाले.

"तुला येत होतं ते."

"येत होतं."

"मग लोकांना जमत नाही म्हणून का सांगितलंस?"

काकांनी चिमटा गुंडाळून बाजूला ठेवला. आयुष्यात त्यांना एवढं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. "दुसरं काय सांगायचं? त्याच्याकडे जा, त्याची पोरं लहान आहेत, असं म्हटलं असतं तर लोकांनी तुझी कीव केली असती. कीव करणारा माणूस घड्याळ देत नाही. मला जमत नाही म्हटलं की ते काम फक्त तुझं. आणि चारचौघांत तुझं नाव मी घालवलं होतं. ते कानात सांगून थोडंच परत येणार होतं?"

"मी तुला हसायचो रे. पोरांना घेऊन हसायचो. नाव ठेवलं होतं तुला."

"ऐकू यायचं. रस्ता केवढासा."

"मग?"

"मग काय. तू हसतोयस म्हणजे घरात बरं चाललंय, एवढं कळायचं. मग मी जेवायला बसायचो."

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडले, लहान मुलासारखे, आवाज काढून. काका त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. माझेही डोळे वाहत होते आणि पुसायला पदरही पुरेना. जरा सावरल्यावर बाबांनी काकांचं मनगट धरलं.

"जाऊ नकोस."

काका म्हणाले, "जागा दिली रे. उद्या सकाळी पोरगी येतेय."

बाबांनी मनगट सोडलं नाही. इतकी वर्षं समोरासमोर राहिलेल्या त्या दोघांकडे आता एक संध्याकाळ उरली होती. मी दार ओढून घेतलं, शिंप्याकडे जाऊन बसले, आणि भाचीला निरोप धाडला की जेवायला आजोबांची वाट बघू नकोस.